हजारातले नऊशे नव्व्याण्णव

१९६१ साली केर व्हाइट या अमेरिकी डॉक्टरांनी दोन सहकाऱ्यांसह एक हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसं घ्यायची आणि महिनाभर त्यांचं काय होतं ते पाहायचं. त्यांतल्या साडेसातशे जणांना या ना त्या दुखण्याने गाठलेलं असतं. अडीचशे जण डॉक्टरकडे जातात. नऊ जण रुग्णालयात दाखल होतात, पाच जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो फक्त एक.

वैद्यकाची पाठ्यपुस्तकं, परीक्षा आणि बरंचसं संशोधन फिरतं ते या एकाभोवती. बाकीचे आपला खोकला, ताप, कंबरदुखी आणि चक्कर घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसतात, नाहीतर घरीच अंगावर काढतात. तिथे उपचार होतात, संशोधन होत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. मित्रहो, आजच्या व्याख्यानात तपासायचा आहे तो हाच समज.

मोठ्या रुग्णालयाची अडचण शाळेतल्या अपूर्णांकाची आहे. त्याला अंश दिसतो, छेद दिसत नाही. न्यूमोनियाची शंभर मुलं दाखल झाली हे त्याला कळतं. ती किती मुलांमधली शंभर, आणि किती मुलं दाखल न होता घरीच गेली, हे त्याच्या नोंदवहीत कधीच येत नाही. छेद असतो तो गावात राहणाऱ्या, एकाच वस्तीला वर्षानुवर्षं तपासणाऱ्या डॉक्टरकडे. फक्त त्याने नोंद ठेवायला हवी.

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात वेन्सलेडेल नावाचं खोरं आहे. तिथल्या आयस्गार्थ गावी विल्यम पिकल्स हे जनरल प्रॅक्टिशनर होते. साथीच्या रोगाचा प्रत्येक रुग्ण ते तारखेसह टिपून ठेवत आणि घरची मंडळी त्या नोंदींचे तक्ते करत. १९२९ साली खोऱ्यात काविळीची साथ आली. कोण कोणाला कधी भेटलं, हे शहरात शोधणं अशक्य. खेड्यात ते सगळ्यांना ठाऊक असतं. एक मुलगी सकाळी अंथरुणाला खिळलेली पिकल्स यांनी स्वतः पाहिली होती. दुपारी ती उठून गावच्या जत्रेत गेली, तिथे तिने कपबश्या विसळल्या, संध्याकाळी नाचालाही हजेरी लावली. त्या एका दिवसात तिच्याकडून तेरा जणांना लागण झाली. भेटीचा दिवस पक्का आणि आजारी पडल्याचा दिवसही पक्का. अशा जोड्या जुळवत पिकल्स यांनी काढलं की लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवस जातात. १९३९ साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं. पुढे १९५३मध्ये ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले तेही पिकल्सच.

वेल्समधल्या ग्लिनकोरुग या कोळसा खाणीच्या गावात १९६१ साली ज्युलियन ट्यूडर हार्ट आले. वस्ती सुमारे दोन हजारांची. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे त्यासाठी डॉक्टरकडे कोणी येत नाही, ही त्यांची अडचण होती. मग त्यांनी २० ते ६४ वयाच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचं ठरवलं. शिबिर भरवलं की तब्येतीची काळजी घेणारेच रांगेत येतात, हे सगळ्यांच्या अनुभवाचं. हार्ट यांनी वेगळी वाट धरली. माणूस खोकल्यासाठी येवो की बोट चिरलं म्हणून, त्याच्या कागदांत रक्तदाबाची नोंद नसेल तर तो त्याच भेटीत मोजायचा. जे आलेच नाहीत त्यांची यादी उरायची आणि दवाखान्याची माणसं त्यांच्या मागे लागायची. सगळी मेहनत होती ती या उरलेल्या यादीवर.

१९७१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. त्याचं सार असं, की जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जास्त, तिथेच ती मिळण्याची शक्यता कमी. आणि बाजाराचा शिरकाव जितका जास्त, तितका हा नियम कडक. आज तो ‘व्यस्त सेवेचा नियम’ म्हणून जगभर शिकवला जातो. त्यांचा हा सिद्धान्त मोठमोठ्या संस्थांत चर्चिला गेला, पण त्यांचा दवाखाना खाणगावातच राहिला. पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब १९९१ साली प्रसिद्ध झाला. शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत ग्लिनकोरुगमध्ये ६५ वर्षांखालच्या लोकांचा मृत्युदर २८ टक्क्यांनी कमी होता. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. नवी होती ती पद्धत.

अशी माणसं आपल्याकडेही झाली. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचू घराघरात. त्याच्या दंशाने धडधाकट माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत होती. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाला नोंदी केल्या. घाम, उलटी, थंडगार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत साचणारं पाणी. या क्रमातून त्यांना दिसलं की विषाचा मारा शेवटी हृदयावर पडतो. पुढे रक्तदाबासाठी असलेली प्रॅझोसिनची साधी गोळी त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्यानंतर विंचवाच्या विषावरचं प्रतिविष हाती आल्यावर त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. प्रतिविष आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ९१ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्रॅझोसिनवर हे प्रमाण २३ टक्के होतं. २०११ साली हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला.

छेदाचं महत्त्व सर्वांत ठळक दिसतं ते गडचिरोलीत. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावातल्या स्त्रियांची. त्यांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी तपासणी झाली होती ती जेमतेम आठ टक्के जणींची. १९८९ सालच्या ‘लॅन्सेट’मधल्या या निबंधाआधी स्त्रियांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी कार्यक्रमांची मजल होती.

त्याच सुमारास अभय बंग आणि सहकारी मुलांच्या न्यूमोनियाकडे वळले होते. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही, तर निदान कसं करायचं? पापुआ न्यू गिनीतल्या फ्रँक शॅन यांच्या कामावरून एक खूण हाती आली होती, ती म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, तर सावध व्हायचं. पण गावच्या अनेक सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून मण्यांची पाटी तयार झाली. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याला हात घालावा लागला तर न्यूमोनिया समजायचा. सुईणीला फक्त दहापर्यंत मोजता यायला हवं.

पुढचा प्रयोग नवजात बाळांचा होता. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रयोग झाला आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ते गुंडाळून ऊबदार ठेवायचं, पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा घरी जायचं आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. दर हजारी ६२ बाळं महिन्याच्या आत दगावत होती, तो आकडा तिसऱ्या वर्षी २५.५वर आला. या आकड्यांवर जगाने विश्वास ठेवला, त्याचं कारण मोजणीची शिस्त. प्रयोगाच्या आणि तुलनेच्या दोन्ही गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू स्वतंत्रपणे नोंदवला जात होता.

२०११पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या रूपात हा कार्यक्रम देशभर गेला. वजन, ऊब, स्तनपान, धोक्याची लक्षणं हे सगळं त्यात आलं. आशांच्या हातात सुई मात्र दिली गेली नाही. कमी शिकलेल्या बाईने इंजेक्शन द्यावं की नाही, या वादात पुरावा एका बाजूला आणि धास्ती दुसऱ्या बाजूला राहिली.

मग शहरांतल्या, तालुक्याच्या गावांतल्या फॅमिली डॉक्टरांचं काय? त्यांच्याकडून काय मिळू शकतं, याची चुणूक पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने दाखवली. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरांतल्या आणि गावांतल्या सुमारे ७,४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद केली. नोंदी झाल्या दोन लाख चार हजारांवर. त्यांतल्या निम्म्या रुग्णांची तक्रार श्वसनसंस्थेची होती आणि एक तृतीयांशाहून जास्त जणांना ताप होता.

या अभ्यासालाही मर्यादा आहेच. तो एका दिवसाचा आहे. ब्रिटनमध्ये किंवा नेदरलँड्समध्ये जवळजवळ प्रत्येक नागरिक एका डॉक्टरच्या यादीत असतो, त्यामुळे छेद आपोआप मिळतो. आपल्याकडे रुग्ण आज या डॉक्टरकडे, उद्या त्या, परवा थेट औषधांच्या दुकानात. शिवाय डॉक्टर एकटा, संध्याकाळची गर्दी मोठी आणि केसपेपर रुग्णाच्याच पिशवीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने कौटुंबिक वैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना देण्याचं म्हटलं आहे, पण खाजगी दवाखान्यातल्या वहीपर्यंत ते धोरण अजून आलेलं नाही.

सरकारी केंद्रांत मात्र एक बदल दिसतो. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे होते. सगळ्यांना ठरलेल्या क्रमाने औषधं, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, आणि रुग्ण आला नाही की त्याचं नाव फोनमधल्या यादीत वर येतं. मग नर्स किंवा आशा फोन करते. इथे केंद्राचं यश किती रुग्ण तपासले यावरून ठरत नाही. नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली राहिला, हे पाहिलं जातं. ग्लिनकोरुगची उरलेली यादी फोनच्या पडद्यावर आली, ती अशी.

खाजगी डॉक्टरांनाही हे जमण्यासारखं आहे. एका तालुक्यातल्या दहा जणांनी रक्तदाबाच्या रुग्णांची एकसारखी वही ठेवली आणि तीन महिन्यांनी किती परत आले, किती आटोक्यात आहेत, एवढे दोनच आकडे एकत्र केले, तरी तो अभ्यास होतो. प्रश्नही तिथलेच निघतील. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडणीला निघालेली जोडपी पाच-सहा महिने फडावर असतात आणि महिन्याच्या गोळ्या महिन्यात संपतात. निघतानाच तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर किती जण त्या घेतील? उरलेल्या हंगामासाठी कारखान्याजवळच्या डॉक्टरला गावच्या डॉक्टरचा कागद दाखवून तेच औषध पुढे मिळेल का? या प्रश्नांची उत्तरं काढायची तर वही दोन्ही टोकांना हवी, बीडच्या दवाखान्यात आणि फडाजवळच्याही.