लांब पल्ल्याचा घोडा



कामगार चळवळीतल्या माणसाने गोदाकाठच्या या पटांगणावर उभे राहून घोड्यांच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकापाशी ज्या विषयांवर सर्वांत कळकळीने चर्चा चालते, त्यांपैकी हा एक आहे. मागण्यांचा मसुदा वाचायचा म्हटले की ज्यांना जांभया येतात, तेच लोक रेसचे पुस्तक उघडून बारीक आकडे पेन्सिलीने ताडून पाहतात. ज्या विद्येवर पगार खर्च होतो, ती विद्या तरी नीट समजून घ्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

घोडा पारखण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. शालिहोत्राचे नाव आजही अश्ववैद्यकाला जोडलेले आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक रंग पाहते, अंगावरचे भोवरे पाहते. गळ्यापाशी देवमण असला की भाव चढतो, अशुभ खोड निघाली की उतरतो. शर्यतीत यातले काहीच कामाला येत नाही. तेथे प्रश्न एकच असतो : आजचे अंतर, आजचे वजन आणि आजची जमीन या जनावराला झेपेल काय?

प्रथम अंतर. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर १६०० मीटरांची ‘इंडियन टू थाउजंड गिनीज’ ही शर्यत होते आणि तिच्यानंतर त्याच हंगामात २४०० मीटरांची ‘इंडियन डर्बी’ होते. ही डर्बी १९४३ साली सुरू झाली. आता पहिली शर्यत जिंकणारा घोडा दुसरी जिंकेलच असे साधारण माणूस धरून चालतो. परंतु मधले ८०० मीटर फार फरक करतात. जाणकार मनुष्य १६०० मीटरांत पहिला कोण आला एवढेच पाहत नाही. शेवटच्या टप्प्यात कोणाची चाल अजून वाढत होती, हे पाहतो. दुसरा-तिसरा आलेला, पण खांब ओलांडताना अंतर तोडीत आलेला घोडा लांब पल्ल्याला अधिक भरवशाचा. मग त्याचा बाप, आईचा बाप लांब पल्ल्याचे होते की आखूड, हे पाहायचे. स्वार पाहायचा, कारण लांब पल्ल्यात घोडा पळवण्यापेक्षा आरंभी आवरणे अवघड असते.

दुसरे वजन. डर्बीत नरांना एक वजन आणि माद्यांना थोडे कमी, अशी रीत आहे. परंतु हँडिकॅप नावाच्या शर्यतीत जो घोडा चांगला पळालेला असतो, त्याच्या पाठीवर जादा वजन चढवतात, म्हणजे सगळे घोडे शक्यतो बरोबरीने पोहोचावेत. आमच्या कामगारांना हे समजावून सांगावे लागत नाही. ज्याने ठरल्यापेक्षा अधिक नग काढले, त्याच्याच नावावर पुढच्या महिन्यात मोजणी वाढते, हे त्यांनी पाहिलेले आहे! चांगला घोडा ओळखणे सोपे. पाठीवरच्या ओझ्यासह तो चांगला राहील काय, हे ओळखणे कठीण.

या दोन्ही गोष्टींची खरी कसोटी इंग्लंडात लिव्हरपूलजवळ एंट्री येथे होते. तिथल्या ‘ग्रँड नॅशनल’ शर्यतीत सुमारे सात किलोमीटर पळायचे आणि वाटेत ३० अडथळे उडी मारून ओलांडायचे. १८३९ साली तेथे जिंकलेल्या घोड्याचे नावच ‘लॉटरी’ होते. १९२८ साली ४२ घोडे निघाले आणि दोनच शेवटास पोहोचले. जिंकला तो एकास शंभर भावाचा. १९५६ साली राजमातेचा ‘डेव्हन लॉक’ सर्वांच्या पुढे होता आणि खांब अगदी हाकेवर असताना सपाट जमिनीवर बसकण मारून राहिला. १९६७ साली एका अडथळ्यापाशी सगळा जमाव एकमेकांवर कोसळला. ‘फॉइनॅव्हन’ इतका मागे होता की त्यालाच वाट मोकळी सापडली, आणि तोही एकास शंभरचा.

तेव्हा सारा नशिबाचाच खेळ काय? तसेही नाही. त्याच मैदानावर ‘रेड रम’ने १९७३, १९७४ आणि १९७७ अशा तीन वेळा शर्यत जिंकली. ज्ञानाला किंमत आहेच. पण नियम किती ताणावा तेही पाहा. सात वर्षांचा घोडा तेथे जिंकत नाही, असा अनुभव १९४० नंतर ८२ वर्षे टिकला आणि २०२२ साली ‘नोबल येट्स’ने तो मोडला.

आता मुख्य मुद्दा. समजा, आपण हे सारे शिकलो आणि घोडा बरोबर ओळखू लागलो. तरी पैसा मिळेल काय? चार घोडे घ्या, चौघेही अगदी तुल्यबळ. न्याय्य भाव एकास तीन असायला हवा. बुकी देतो एकास दोन. चौघांवर एकेक रुपया लावा : चार गेले, जिंकलेल्याचे मुदलासह तीन परत आले. घोडा कोणताही जिंको, चौथा रुपया बुकीचा. टोटमध्ये बुकी नसतो. पण जमलेल्या रकमेतून आधी क्लबचा आणि सरकारचा हिस्सा निघतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. अशा पैजेवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. शिवाय जो घोडा आपण ओळखला तो इतर शंभरांनीही ओळखलेला असतो. म्हणून त्याचा भाव आधीच पडलेला असतो. आपली शर्यत घोड्याशी नसून खिडकीपुढच्या रांगेशी असते. त्या रांगेत तबेल्याची बातमी असलेले आहेत, आणि आठ तास यंत्रावर उभा राहिलेला आपला भाऊही आहे.

जॅकपॉटचे गणित तर याहून सोपे. ओळीने पाच शर्यतींतले पाच विजेते सांगायचे. प्रत्येकीत दहा घोडे धरले तर एक लाख जोड्या होतात. आपल्या खिशात त्यांतली एक.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. आम्हांला तो मान्य आहे. घोड्याच्या पैदाशीत कौशल्य आहे, शिकवणाऱ्यात आहे, स्वारात आहे. अभ्यासू पैजकऱ्यातही ते आहे. परंतु कौशल्याचा खेळ म्हणजे कमी कौशल्याच्या माणसाचा पैसा अधिक कौशल्याच्या माणसाकडे जाणे, हेही त्याच निर्णयाच्या पोटात येते. ते फाटकापाशी कोणी सांगत नाही.

‘रेसला जाऊ नका’ असे व्याख्यान आम्ही देणार नाही. तशी पुष्कळ झाली आणि ती ऐकून लोक थेट रेसलाच गेले. घोडा सुंदर जनावर आहे. त्याला पळताना पाहावे. तिकीट काढावे, तमाशाला काढतो तसे, गेलेच असे समजून. परंतु किराण्याचे, फीचे, हप्त्याचे पैसे त्या खिडकीत सरकवू नयेत. आणि सातपूर-अंबडच्या आमच्या बांधवांना विशेष विनंती : घोड्याचे वजन, अंतर आणि मागच्या पाच शर्यती तुम्ही ज्या बारकाईने वाचता, त्याच बारकाईने आपली वेतनचिठ्ठी वाचा. जादा कामाचे तास, भविष्य निर्वाह निधीची कपात, सगळे तेथे लिहिलेले असते. तेथे चूक सापडली तर ती रक्कम मागण्याचा तुम्हांला कायद्याने हक्क आहे. इतका खात्रीचा भाव महालक्ष्मीला कोणी देत नाही.