मातीच्या बैलाचे रंग

आषाढ लागला कीं कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूच्या गांवांत कुंभारवाड्यांतून मातीचे बैल बाहेर पडूं लागतात. त्या मुलखांत आषाढांत बेंदूर येतो. महाराष्ट्राच्या इतर पुष्कळ भागांत श्रावणी अमावास्येला पोळा असतो. ज्याच्या दावणीला बैल आहेत तो त्यांना नदीवर नेऊन धुतो, त्यांचीं शिंगें रंगवितो, पाठीवर झूल घालतो, कपाळाला बाशिंग बांधतो. ज्याची दावण रिकामी आहे, तोही या सणाला मुकत नाहीं. तो मातीची जोडी घरीं आणतो, पाटावर मांडतो आणि तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितो. जिवंत बैलाचा जो मान, तोच त्या दिवशीं या वीतभर उंचीच्या बैलाचा.

हा बैल कुंभाराच्या घरून येतो तेव्हां पुष्कळदां कोराच असतो. चार जाड पाय, वशिंडाचा उंचवटा, दोन शिंगें आणि चिमटीनें दाबून काढलेलें तोंड, एवढेंच कुंभारानें त्याला दिलेलें असतें. तो खिलार आहे कीं डांगी, तरणा आहे कीं थकलेला, हें त्या मातीवरून कळत नाहीं. तें ठरवितो रंगविणारा. मातीचीं जनावरें रंगविण्याच्या छंदाचें मर्म या एका गोष्टींत आहे. कुंभार बैल घडवितो. तो कोणता बैल, हें रंगविणारा सांगतो. आणि तें सांगावयाचें तर त्यानें बैल नीट पाहिलेला असावा लागतो.

हा हात आजचा नव्हे. बलुचिस्तानांत कुल्ली या नांवानें ओळखली जाणारी जी प्राचीन संस्कृति उत्खननांत उजेडांत आली, तिच्यांतील वशिंडाचे मातीचे बैल सुमारें ४५०० वर्षांपूर्वींचे आहेत. त्यांच्या अंगावर काळ्या रंगाचे पट्टे ओढलेले आहेत. मोहेंजोदडो येथें मान हलविणारे मातीचे बैल मिळाले. मान निराळी करून ती दोरीनें हलेल अशी त्यांत योजना होती. महाराष्ट्रांत पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथील एका घरांत मातीच्या पेटीसह मस्तक नसलेली एक देवीची मूर्ति आणि मातीचा एक बैल मिळाला. हीं घरें ३००० हून अधिक वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं. ज्या जनावराच्या खांद्यावर घराचा संसार चालतो, त्याची आकृति माणसानें मातींत घडवावी व जवळ बाळगावी, ही रीत इतकी जुनी आहे.

आतां रंगविण्याच्या कामाकडे वळावें. प्रथम पाहावयाचें तें बैल कच्चा आहे कीं भाजलेला. कच्ची माती पाण्यानें विरघळते. तिच्यावर ओला कुंचला पुन्हां पुन्हां फिरविला तर रंगाबरोबर मातीही सुटते. म्हणून कच्च्या बैलाला रंगाचा हात पातळ व एकदांच द्यावा आणि तो पुरता वाळल्यावांचून दुसऱ्या हाताची घाई करूं नये. भाजलेला बैल उलट पाणी शोषून घेतो. त्याला आधीं ओल्या फडक्यानें पुसून घेतलें म्हणजे धूळ जाते आणि रंग सारखा बसतो.

पहिला हात पांढऱ्या खडूचा. खडूची वस्त्रगाळ पूड डिंकाच्या पाण्यांत कालवून ती साऱ्या अंगावर लावावी. या पांढऱ्या जमिनीवांचून पुढचे रंग मळकट दिसतात. डिंकाचें प्रमाण हीच येथें खरी परीक्षा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर त्याला चिरा जाऊन पापुद्रे निघतात. एका फुटक्या खापरीवर आधीं रंग लावून, वाळल्यावर त्यावर बोट फिरवून पाहावें, म्हणजे बैल बिघडत नाहीं. वाळविणें सावलींत; कडक उन्हांत कच्च्या मातीला भेगा पडतात.

घरगुती रंग थोडेच लागतात. तांबड्यासाठीं गेरू, पिवळ्यासाठीं पिवडी, निळ्यासाठीं नीळ, काळ्यासाठीं काजळी. पिवडींत नीळ मिसळली कीं हिरवा होतो; गेरूंत काजळी मिसळली कीं तपकिरी होतो. काजळी मात्र हट्टी असते. ती पाण्यावर तरंगते, मिसळत नाहीं. तिला आधीं दाट डिंकांत खलून घ्यावी लागते. रंग देण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधीं अंगाचा फिकट रंग, मग मोठीं ठिगळें, मग खुर, शिंगें व शेपटीचा गोंडा, मग झुलीचे काठ, घुंगरांची माळ, कवड्यांचा पट्टा, आणि सर्वांत शेवटीं डोळे. डोळे शेवटीं ठेवण्यांत शहाणपण आहे. डोळ्यांत बुबुळ पडलें कीं बैल पाहूं लागतो, आणि मग इतर कोठें कांहीं उणें राहिलें असेल तें चटकन् ध्यानांत येतें.

या रंगांविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. जुनें तें सारें निर्धोक, असा एक समज आहे. तो रंगांच्या बाबतींत खरा नाहीं. शिंगांना लावावयाचा खरा हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचा संयोग. हरताळांत सोमल असतो. जुन्या पद्धतीचा शेंदूर हें शिशाचें भस्म आहे. ज्या कामांत लहान मुलें कुंचला ओठांनीं टोकदार करतात आणि रंगाचीं बोटें तोंडांत घालतात, त्या कामांत हे तीन रंग मुळींच असूं नयेत. विकतच्या तैलरंगांचेंही तेंच. भारतांत घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम २०१६ सालीं करण्यांत आला व तो २०१७ सालीं अमलांत आला. त्यापूर्वींचा एखादा डबा माळ्यावर पडून असेल, तर तो मुलांच्या हातीं देऊं नये. शिवाय सणानंतर हा बैल पुष्कळ घरीं पाण्यांत सोडतात. गेरू, पिवडी व खडू हे मातीचेच प्रकार. मातींतून आले ते मातींत जातात.

साहित्य जमलें, कृति कळली. तरी मुख्य प्रश्न उरतोच. कोणता बैल रंगवावयाचा? शहरांतल्या मुलाच्या हातीं कोरा बैल दिला तर तें बहुधा त्याला पांढरा रंग देतें, शिंगें तांबडीं करतें आणि काम संपलें असें समजतें. त्याचा दोष नाहीं. त्यानें बैल पाहिलेला नसतो. पण महाराष्ट्राचे बैल असे एका सांच्यांतले नाहींत. सोलापूर, सांगली, सातारा या भागांतला खिलार पांढरा किंवा राखी. त्याचीं लांब शिंगें मुळाशीं जवळ जवळ असतात, मग मागें वळून वर जातात व टोंकाला अणकुचीदार होतात. नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सह्याद्रीलगतच्या पावसाळी मुलखांतला डांगी पांढऱ्यावर काळीं किंवा तांबडीं ठिगळें अंगावर वागवितो. त्याचें कातडें तेलकट असतें, म्हणून मुसळधार पावसांत तो भाताच्या खाचरांत उभा राहूं शकतो. नांदेडकडचा लाल कंधारी नांवाप्रमाणेंच गडद तांबडा. वर्ध्याकडचा गवळाऊ पांढरा वा करडा, शिंगानें आंखूड. लातूरकडच्या देवणीचे तर रंगावरूनच तीन प्रकार मानतात. अंग पांढरें व तोंडावर काळें तो वानेरा. अंगभर काळे ठिपके तो शेवरा. आणि वरून पांढरा दिसणारा तो बालंक्या.

हीं नांवें पाठ करण्यासाठीं नाहींत. हातांत कुंचला असला म्हणजे तीं आपोआप डोळ्यांत भरतात. डांगीचें ठिगळ पाठीवरून पोटाकडे कसें उतरतें, खिलाराचें शिंग कोठें वळतें, हें पुस्तकांत दहा वेळां वाचूनही ध्यानांत राहत नाहीं. एकदां रंगवावें लागलें कीं विसरत नाहीं. कारण रंगविणाराला संशय येतो, आणि संशय फेडण्यासाठीं तो गोठ्याशीं, बाजाराशीं जाऊन उभा राहतो. हा संशय हीच या छंदाची खरी कमाई होय.

ही कमाई केवळ आवडीच्या कामांतच पदरांत पडते. तेंच काम पोटासाठीं, मोजून, घाईनें करावें लागलें तर काय होतें, याचें उदाहरण दूरच्या देशांत आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत झिलईदार मातीच्या कुत्र्यांच्या जोड्या फार तयार होत. पांढरें अंग, कानांवर व पाठीवर तांबडीं ठिगळें, गळ्यांत सोनेरी सांखळी. साध्या कष्टकऱ्याच्या घरींही शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोंकांना हे दोन कुत्रे एकमेकांकडे तोंड करून बसलेले असत. त्यांच्याच जोडीला जे इतर पुतळे होत, त्यांतील पुष्कळांची पाठ सपाट असे व तिच्यावर रंगकाम बहुधा नसेच. ती भिंतीकडे राहावयाची, मग तिच्यावर मजुरी कशाला घालवावी, असा तो हिशेब. या परगण्याच्या कारखान्यांत लहान मुलेंमुली कामाला असत. १८४० सालीं नेमलेल्या बालमजुरीच्या चौकशी-आयोगाच्या वतीनें सॅम्युएल स्क्रिव्हेन हा अधिकारी तेथें फिरला आणि त्यानें मुलांच्या तोंडच्या जबान्या लिहून घेतल्या. झिलईंत शिसें असे. त्या झिलईंत माल बुडविणाऱ्यांना त्याची बाधा होई. फळीवरचा तो गोजिरवाणा कुत्रा अशा हातांखालून आलेला होता.

आवडीनें रंगविणाराची गोष्ट निराळी. तो बैलाचें पोट रंगवितो, शेपटीखालची बाजू रंगवितो, चारी खुर रंगवितो. बैल पाटावर उभा राहिल्यावर तें कोणी पाहणार नसतें. पण गोठ्यांतल्या बैलाला पोट असतें, म्हणून याही बैलाला तें असावें लागतें. कोणी कोरी झिलईविरहित चिनी मातीचीं जनावरें विकत आणून तीं ॲक्रिलिक रंगांनीं रंगवितात. कोणी भट्टीचे रंग वापरतात. भट्टीचे रंग धातूंच्या भस्मांचे असतात आणि ते फसवे असतात. कोबाल्टचें भस्म काळें दिसतें, पण झिलईंत वितळून बाहेर येतें तें गर्द निळें. तेथें रंगविणाराला डोळ्यांपुढचा रंग सोडून होणारा रंग मनांत धरावा लागतो. साधनें बदललीं तरी पाहण्याची शिस्त तीच.

आज या छंदाला निराळेंच महत्त्व आलें आहे. शेतांत नांगराचें काम पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरनें उचललें. बैलांच्या जोड्या विकल्या गेल्या. गोठ्याच्या जागीं खोल्या झाल्या. सणाला मात्र बैल लागतोच. तेव्हां बाजारांतून प्लॅस्टरचा, यंत्राच्या फवाऱ्यानें रंगविलेला, दहा घरीं दहा सारखे असा बैल येतो. तो स्वस्त असतो, चकचकीत असतो, आणि त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. कोऱ्या बैलाचें तसें नाहीं. अशाच एखाद्या घरांत, जेथें शेवटची जोडी विकून वर्षें झालीं आहेत, नातीनें कोरा बैल पुढें घ्यावा आणि आजोबांना विचारावें, आपला बैल कसा होता? म्हाताऱ्याला प्रथम आठवत नाहीं. मग आठवूं लागतें. डावें शिंग जरा खालीं कललेलें होतें. मानेवर जुवाचा घट्टा होता, तेथें केंस नव्हते. शेपटीचा गोंडा काळा, पण त्यांत चार पांढरे केंस. मागचा एक पाय तो जरा आंखडून उभा राही. नात तो घट्टा करड्या रंगानें काढते. चार केंसांसाठीं कुंचल्याचें एकच टोंक उरेल असें करते. म्हातारा म्हणतो, ‘अगं, जरा वर घे, इतका खालीं नव्हता.’ त्या घरांत ज्या जनावराचें चित्र नाहीं, छायाचित्र नाहीं, तें त्या दुपारीं पुन्हां दारांत येऊन उभें राहतें.

यंत्रानें रंगविलेला बैल हें करूं शकत नाहीं, कारण त्याच्यांत विचारावयाला जागाच उरलेली नसते. यास्तव येत्या बेंदराला किंवा पोळ्याला घरीं बैल आणावयाचा असेल, तर तो कोरा आणावा. कुंभाराला दोन पैसे मिळतील, मुलांची एक दुपार चांगली जाईल. आणि रंग कालविण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला जवळ बसवून घ्यावें. त्याला जें ठाऊक आहे तें पुस्तकांत उतरलेलें नाहीं, आणि तें विचारून घेण्याला वेळ फार उरलेला नाहीं.