परसातील गोडलिंब



व्याख्यानमालेत फोडणीच्या झाडाला काय स्थान, असे कोणी विचारील. ज्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेथे तरी परसातल्या झाडाची कैफियत मांडावी लागू नये.

आपला गोडलिंब तो पुण्यामुंबईचा कढीपत्ता. नावात लिंब असला तरी तो कडुलिंबाच्या कुळातला नव्हे. तो संत्र्या-लिंबाच्या कुळातला. आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा या नात्यातच आहे.

प्रथम लागवड. पिकून काळे झालेले फळ घ्यावे, गर काढून बी लगेच पेरावे. वाळवून ठेवलेले बी सहसा उगवत नाही. जुन्या झाडाच्या मुळांवर फुटवे येतात, तेही पावसाळ्यात मुळांसह उचलून लावता येतात. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते आणि मुळे कुजतात, म्हणून मुरूम व शेणखत मिसळून उंचवटा करावा. चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. तेथे पाणी वाढवून उपयोग नाही, झाडाला लोह मिळत नसते. वैशाखात बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. शेंडा खुडला की झाड पसरते. पाने हवी असतील तर फुलांचे तुरे काढून टाकावेत.

आता शेजारधर्म. या झाडाच्या कोवळ्या नवतीवर सिट्रस सिला नावाची बारीक कीड अंडी घालते. ती शेपटाकडची बाजू वर करून तिरकी बसते; तिची पिल्ले पांढरे मेणचट धागे सोडतात. हीच कीड संत्र्यावर जाते आणि रोगट झाडाचा रस शोषून ग्रीनिंग रोगाचे जंतू निरोगी झाडात नेते. मग पाने चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी होतात, फळ लहान व वाकडे राहते, फांद्या वाळतात. लागलेल्या झाडाला खात्रीचा इलाज नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडात ही कीड १९९८ साली आढळली, रोग २००५ साली. गोडलिंबाची बहीण जी कुंती, तिच्या रोपांच्या विक्रीबरोबर कीड तेथे गावोगाव पोहोचली. पुढे तेथील संत्र्याच्या बागा कशा ओसाड झाल्या, हे जगाने पाहिले.

आष्टी, कारंजा, आर्वी या आपल्या तालुक्यांत संत्र्यावर घरे चालतात. म्हणून गोडलिंब तोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कीड फक्त कोवळ्या फुटीवर अंडी घालते, यातच उपाय आहे. दर आठवड्याला नवती उलटून पाहावी. कीड दिसली तर ती फूट खुडून जाळावी. रोप दुसऱ्या गावी देण्यापूर्वी नीट तपासावे. जहाल औषध मारू नये, कारण ते पान आपल्याच कढीत पडायचे असते.

कुंपण आपल्या अंगणाला असते, किडीला नसते. आपल्या परसातली फांदी शेजाऱ्याच्या बागेची काळजी वाहते आहे, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.