इंग्रजीचा हिशोब वेगळ्या पानावर

मागच्या वेळी आपण शेळीच्या विम्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा लांबचा आहे, साता समुद्रापलीकडचा. पण आमच्याकडे तो आला गटाच्या बैठकीतच, सतरंजीवर बसल्या बसल्या.

दिवाळी झाली होती. केज तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या निम्म्या बाया कोयत्यावर गेल्या होत्या. उरलेल्या नऊ जणींची बैठक चालली होती. बचत जमा झाली, वही लिहून झाली, आणि वही लिहिणाऱ्या सचिवताईच हळूच म्हणाल्या, "पोरीला विलायतेत ॲडमिशन मिळालंय. गटातून किती उचलता येतील ओ?"

सगळ्या गप्प. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या.

पोरगी अंबाजोगाईला बीएस्सी झालेली. तिला इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. शहरातल्या एका एजंटानं तिला प्रवेशाचं पत्र आणून दिलं होतं. आम्ही ते पत्र तिच्याकडूनच वाचून घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात एक अट होती. आयईएलटीएस नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा गुण पाहिजेत. पोरीला साडेपाच होते. असल्या पत्राला कंडिशनल ऑफर म्हणतात. साध्या भाषेत, अटीवरचा प्रवेश. साखरपुडा झाला, पण लग्नाची तारीख नाही, असा प्रकार.

एजंटाचं म्हणणं असं, की काळजी करू नका, तिकडेच दहा आठवड्यांचा इंग्रजीचा कोर्स करायचा, तो पास झाला की पुढचं शिक्षण सुरू. खात्यात पैसे दाखवायची सोयही आम्हीच लावतो. वडील दीड एकर गहाण टाकायला निघाले होते.

आम्ही त्या दिवशी एकच केलं. म्हटलं, ताई, कर्जाचं नंतर बघू, आधी वहीचं कोरं पान काढा. आणि इंग्रजीचा हिशोब वेगळ्या पानावर मांडा, पुढच्या शिक्षणात मिसळू नका. एकत्र मांडला की वीस-पंचवीस लाखांत तो दिसत नाही. चुलीच्या धुरात सुई शोधल्यासारखं होतं.

पौंड तेव्हा 120 रुपयांच्या आतबाहेर होता. आम्ही 120 धरला. बाहेरदेशीचा हिशोब करताना रुपया थोडा हलकाच धरावा, नंतर रडायची पाळी येत नाही. दहा आठवड्यांच्या कोर्सची फी तिच्या कागदावर चार हजार पौंडांच्या वर होती. म्हणजे जवळपास पाच लाख. त्या अडीच महिन्यांचं राहणं-खाणं वेगळं. इंग्लंडचं सरकार लंडनबाहेर शिकणाऱ्या मुलामागं राहण्या-खाण्याला महिन्याला 1,171 पौंड धरतं, लंडनमध्ये 1,529. त्यांच्या दरानं अडीच महिन्यांचे साडेतीन लाख झाले. आठ लाखांच्या वर आकडा गेला, आणि अजून पुढच्या शिक्षणाचं पहिलं पानही उघडलं नव्हतं. हे सगळं कशासाठी, तर साडेपाचाचे साडेसहा करण्यासाठी. तीच परीक्षा पुण्याला जाऊन पुन्हा द्यायची तर फी सतरा-अठरा हजार.

एक मावशी म्हणाल्या, "आठ लाखात पोरीचं लगीन होऊन दोन म्हशी येत्यात." त्यावर त्या पोरीचा चेहरा पडला. आम्हाला तो हिशोब मान्य नाही, आणि तिथंच तसं सांगितलं. पोरगी शिकायला जाणार हे ठरलेलं. प्रश्न एवढाच, की कुठला रुपया कुठं खर्चायचा.

आपल्याकडच्या बाया याआधीही गेल्यात, मैत्रिणींनो. 1883 साली दोघी गेल्या. आनंदीबाई जोशी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्यांचं इंग्रजी घरीच झालेलं होतं, नवऱ्यानं शिकवलेलं. निघायच्या आधी त्यांनी सेरामपूरला, म्हणजे आपल्या नगरकडचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, इंग्रजीतून भाषण केलं. आपण का चाललोय ते लोकांना सांगितलं, आणि त्यानंतर मदतीचे पैसे यायला लागले. तिकडे पोचल्या ते थेट डॉक्टरीच्या अभ्यासाला बसल्या, 1886 च्या मार्चमध्ये पदवी घेतली. पण थंडी आणि खाण्याचे हाल अंगावर काढले, क्षयानं गाठलं, आणि वर्षाच्या आत त्या गेल्या. म्हणून आम्ही हिशोबात गरम कपडे आणि दवाखाना वरच्या ओळीत लिहितो.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं होतं, त्याच्या विक्रीतून बोटीचं भाडं उभं केलं. कडेवर दोन वर्षांची लेक. इंग्लंडात वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथल्या बायकांना हिंदुस्थानात कामाला यायचं होतं, म्हणून रमाबाईंनी त्यांना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहणं-जेवण, असं ठरलं. तिथंच इंग्रजी पक्कं केलं, आणि 1887 मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून पुस्तक छापून आणलं. म्हणजे परदेशात जाऊन भाषा शिकणं चूक नाही. पण रमाबाईंना तिथं राहायचे पैसे मोजावे लागत नव्हते, हे विसरू नका. आजच्या मुलीला दर आठवड्याला मोजावे लागतात.

आता कमाईचं. एजंट सांगतात, तिकडे काम करून खर्च निघतो. भाषेच्या कोर्सला गेलेल्या मुलीसाठी हे फार सांभाळून ऐका. इंग्लंडात फक्त इंग्रजी शिकायला सहा ते अकरा महिन्यांचा वेगळा व्हिसा असतो. त्यावर कामाला अजिबात परवानगी नाही, आणि तो वाढवूनही मिळत नाही. अमेरिकेत पहिल्या वर्षी कॉलेजच्या आवाराबाहेर काम करता येत नाही. आवारात मिळालं तर आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, तेही मिळालं तर. म्हणून जमेच्या बाजूला कमाई लिहायचीच नाही. आली तर वरची साय समजा.

खात्यात पैसे दाखवण्याची भानगडही समजून घ्या. इंग्लंडच्या व्हिसासाठी राहिलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात ओळीनं 28 दिवस असावा लागतो. लंडनबाहेर नऊ महिन्यांचे साडेबारा लाखांच्या वर जातात. आईबापाच्या खात्यात चालतात, पण मग जन्मदाखला आणि संमतीचं पत्र लागतं. जन्मदाखल्यावर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ते आधी दुरुस्त करा. बँकेनं शिक्षणकर्ज मंजूर केल्याचं पत्रही चालतं. एजंटानं महिनाभरासाठी आणून ठेवलेले पैसे मात्र नकोत. ते व्याजासकट परत जातात आणि पोरगी तिकडे मोकळ्या हातानं उतरते. खोटे कागद दिल्याचं उघडं पडलं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. शिवाय व्हिसाचे 524 पौंड, तिकडच्या सरकारी दवाखान्याचे वर्षाला 776 पौंड, हे निघायच्या आधीच भरायचे असतात. दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर. हे सगळे दर आम्ही हिशोब मांडला तेव्हाचे, तुम्ही मांडाल तेव्हा नवे विचारा.

शिक्षणकर्जाचं सांगायचं तर, साडेसात लाखांपर्यंत बँक सहसा जमीन किंवा घर तारण मागत नाही, त्यापुढे मागते. परदेशासाठी शंभरातले पंधरा रुपये घरचे घालावे लागतात. शिकत असेपर्यंत आणि नंतर वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच राहतं. कोयत्याची उचल घेतलेल्या बाईला याचा अर्थ समजावून सांगायला नको. आणि मॅनेजरसाहेबांना एक प्रश्न लेखी विचारा: पुढच्या शिक्षणाआधीचा इंग्रजीचा कोर्स या कर्जात बसतो का? तोंडी 'हो बसेल की' यावर जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हालाही आधी ठाऊक नव्हतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. तिच्यात अनुसूचित जातींबरोबर भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलंही बसतात, आणि 30 टक्के जागा मुलींसाठी असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या किती भूमिहीन घरांना हे माहीत आहे? फी, राहणं, विमान, सगळ्याचा भार त्या उचलतात. जागा थोड्या आहेत, विद्यापीठही नावाजलेलं लागतं. पण या शिष्यवृत्त्यांना प्रवेश विनाअट लागतो. अटीवरचं पत्र चालत नाही. म्हणजे जिचं इंग्रजी अर्ध्या-एका गुणानं कमी पडलं, तिच्यासाठी हे दार तिथंच लागतं, आणि मग दीड एकर गहाण पडतं. इंग्रजी इथं पक्कं करून निघण्याची खरी किंमत ही आहे.

मग इथं पक्कं कसं करायचं? अमेरिकेत असल्या कोर्सला आठवड्याला किमान 18 तास वर्ग लागतो, तेव्हाच विद्यार्थ्याचा व्हिसा मिळतो. आम्ही तोच आकडा घेतला. आठवड्याला 18 तास, म्हणजे सहा दिवस रोज तीन तास. पोरीला विचारलं, तुला सध्या किती मिळतात? तिनं बोटं मोजली. पहाटे पाणी, मग भाकरी, म्हशीचं शेण, दुपारी आजीचं औषधपाणी, संध्याकाळी परत भाकरी. रात्री नऊनंतर तास-दीड तास, तोही पेंगत. भाऊ मात्र दिवसभर मोकळा.

तेव्हा बजेटातली पहिली रक्कम रुपयांची नव्हती, तासांची होती. सकाळच्या भाकरी चुलतीनं घेतल्या. शेण भावाकडे गेलं. आठ दिवस तो कुरकुरला, मग गप झाला. तालुक्याला एक निवृत्त इंग्रजीचे सर आहेत, आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे. बाकी दिवस जुन्या प्रश्नपत्रिका आणि मोबाइलवर इंग्रजी बातम्या. या परीक्षेत ऐकण्याचा भाग असतो, तो एकदाच ऐकवतात, परत नाही. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, समोरासमोर. त्याचा सराव आमच्या बैठकीत व्हायचा. बचत गोळा झाली की ती उभी राहून दोन मिनिटं इंग्रजीतून गटाचा जमाखर्च सांगायची. आम्हाला काही कळायचं नाही, पण 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज हे आता गोदावरी मावशींनाही पाठ झालंय. कुणीतरी घड्याळ बघायची. पहिल्या खेपेला तिचा आवाज फुटेना, साठ सेकंदांत खाली बसली. आता थांबवावं लागतं.

गटातून आम्ही तिला 25 हजार दिले, नेहमीच्या व्याजानं. पासपोर्टचे 1,500, परीक्षेची फी, पुस्तकं, पुण्याचं येणं-जाणं, उरलेले सरांचे. गटाची ताकद तेवढीच, आणि गरजही तेवढीच होती. दहा जणींची बचत एका पोरीच्या विमानात बसवायची नसते, हे सचिवताईंनीच सगळ्यात आधी बोलून दाखवलं. दीड एकर अजून घरच्याच नावावर आहे, त्यात सध्या तूर आहे. एजंटाला दिलेले वीस हजार परत मिळाले नाहीत. ते वहीत 'बुडीत' म्हणून लिहायला ताई तयार नाहीत, आम्हीही आग्रह धरला नाही.

सराव परीक्षेत तिला सहा आले, मग परत सहा. लिहिण्याच्या भागात अडकतंय. आणखी अर्धा गुण हवा. विद्यापीठानं प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायला होकार दिलाय, म्हणजे वेळ आहे. खरी परीक्षा येत्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी पुण्याला. त्या दिवशी गटाची बैठक असते, ती आम्ही सोमवारवर टाकली आहे. आई तिच्याबरोबर पुण्याला जाणार आहे, आणि वही आईकडेच असते.