झग्याआडचा विद्यार्थी



'रँग्लर' हा शब्द आपल्याकडे परांजप्यांना असा चिकटला की, तो त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसला. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा वाटेकरी झाला आणि आपली छाती फुगली. पण जिथे हा मान मिळाला, तिथे विद्यार्थी एकमेकांना कसे पारखीत, हे आपण क्वचितच विचारतो.

एके काळी ही पारख कपड्यांवरून होई. उमरावाच्या मुलाच्या झग्याला सोनेरी कलाबतू असे आणि तो अध्यापकांच्या पंक्तीला जेवायला बसे. गरीब विद्यार्थी म्हणजे 'सायझर'. त्याने इतरांची कामे करावीत आणि त्या बदल्यात जेवावे, शिकावे. आपल्याकडच्या वार लावून जेवणाऱ्या मुलाचा हा साहेबी भाऊच म्हणा! १६६१ साली न्यूटन ट्रिनिटी कॉलेजात आला तो याच वर्गातून. पंक्तीतल्या किती जणांनी तेव्हा त्याच्याकडे मान वर करून पाहिले असेल?

पुढे कलाबतू मागे पडली आणि स्वभावाचे शिक्के आले. एक 'वाचणारा', दुसरा 'वल्ही मारणारा'. एकाने दिवा जाळावा, दुसऱ्याने नदी गाजवावी. गणिताच्या मानाच्या यादीत जो तळाला राही, त्याला सोबती भलामोठा लाकडी चमचा बहाल करीत. ही प्रथा १९०९ पर्यंत चालली. ही थट्टा होती. चमचा मिळाला तरी पदवी मिळत असे.

पण सगळेच शिक्के असे निरुपद्रवी नव्हते. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीचे नाव 'सीनिअर रँग्लरच्या वर' म्हणून वाचले गेले. पदवी मात्र तिला मिळाली नाही, कारण ती बाई होती. १८९७ साली स्त्रियांच्या पदव्यांचा ठराव मतास आला, तेव्हा सेनेट हाउससमोर सायकलवरच्या बाईची प्रतिमा टांगण्यात आली आणि ठराव पडला. परांजप्यांचा गौरव झाला तो दोनच वर्षांनी. स्त्रियांना पूर्ण पदवी मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. १९८८ साली मॉडलिन या कॉलेजाने मुलींना दार उघडले, तेव्हाही काही विद्यार्थ्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या!

ही सारी मंडळी अडाणी नव्हती. देशातील निवडक हुशार मुले ती. हुशारीने माणूस गणित सोडवील. पण शेजारच्याला माणूस म्हणून ओळखील, याची हमी ती देत नाही.

म्हणून एक विनंती. आपला मुलगा सुटीत वसतिगृहातून घरी येतो, तेव्हा आपण गुण विचारतो. ते जरूर विचारा. पण हेही विचारा, "बाळ, तुमच्या पंक्तीला कोण बसत नाही? आणि का?"