खापरपणजोबांच्या रोजनिशीमागून

वाडवडिलांची रोजनिशी घरात असणे ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु ती हाती घेऊन त्यांच्या वाटेने निघणे हे अधिक कठीण काम आहे. वाट तीच असली तरी जग तसेच राहिलेले नसते, आणि लिहिणाऱ्याची दृष्टी कोठे तोकडी पडली तेही त्या वाटेवर कळून येते. एका प्रसिद्ध घराण्याच्या उदाहरणाने आज याचा विचार करू.

२७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ हे इंग्रजी आरमाराचे जहाज प्लिमथहून निघाले, तेव्हा त्यावरील चार्ल्स डार्विन अवघा बावीस वर्षांचा होता. २ ऑक्टोबर १८३६ रोजी तो स्वदेशी परतला. बोट लागून वारंवार बेजार होत असतानाही त्याने रोजनिशी चालविली आणि तिचे भाग वेळोवेळी घरी धाडले. १८३९ साली त्याचे प्रवासवर्णन निघाले. मूळ रोजनिशी मात्र त्याची नात नोरा बार्लो हिने १९३३ साली छापली. पणतू रिचर्ड कीन्स यांनी १९८८ साली तिची नवी आवृत्ती सिद्ध केली. पुढे २००९ च्या सप्टेंबरात खापरपणती सारा डार्विन ‘स्टाड आम्स्टरडॅम’ या डच शिडाच्या जहाजाने प्लिमथहून त्याच मार्गाने निघाल्या.

अशा पुनःप्रवासात काही नोंदी सोन्यासारख्या कसाला उतरतात. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. कप्तान फिट्झरॉय यांनी सांता मारिया बेटावर मोजमाप करून जमीन आठ ते दहा फूट वर उचलल्याचे नोंदविले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच किनाऱ्याला ८.८ प्रतीचा धक्का बसला आणि ते बेट पुन्हा सुमारे सहा फूट वर आले. मधल्या १७५ वर्षांत ते हळूहळू खचत गेले होते. हे आज सांगता येते, ते त्या जुन्या आकड्यांच्या जोरावर!

गालापागोस बेटांवर डार्विन १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पाच आठवडे होता. तेथून त्याने रानटी टोमॅटोचे नमुनेही आणले. सारा या वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी त्याच टोमॅटोंचा अभ्यास केला, आणि त्यांतील एक स्वतंत्र जात २००३ साली त्यांच्या व सहकारी संशोधिकेच्या नावे प्रसिद्ध झाली. बाहेरून आलेल्या टोमॅटोंशी संकर होऊन या मूळच्या जाती धोक्यात येतात, हेही त्या अभ्यासातून दिसले. उलट, फ्लोरिआना बेटावरील वसाहतवाले ज्या महाकाय कासवांच्या मांसावर राहत असल्याचे डार्विनने लिहिले, ती कासवे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच त्या बेटावरून नाहीशी झाली.

आणि काही नोंदी वाचताना मान खाली घालावी लागते. दक्षिण टोकावरील टिएरा डेल फुएगो येथील लोकांच्या बोलीला भाषा म्हणणेही डार्विनला कठीण वाटले होते. त्यांच्यांतील यागान लोकांत पुढे दीर्घकाळ राहिलेल्या टॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने त्यांच्या भाषेचा कोश रचला. त्यात सुमारे ३२,००० शब्द भरले! ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या क्रिस्तिना काल्देरोन १६ फेब्रुवारी २०२२ रोजी निवर्तल्या. डार्विनचे मत छापून राहिले, आणि ज्यांच्याविषयी ते होते त्यांची वाणी मात्र लोपली.

मग वारसांनी काय करावे? नोरा बार्लो यांनी घालून दिलेला धडा मला मोलाचा वाटतो. आजोबांच्या आत्मचरित्रातून घरच्यांनी वगळलेला मजकूर त्यांनी १९५८ साली पुन्हा जागच्या जागी बसविला. पूर्वजाचे लेखन संपूर्ण लोकांपुढे ठेवावे, मग जे खरे ठरले ते कृतज्ञतेने सांगावे आणि जे चुकले तेही न लपवता सांगावे. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांची एखादी जीर्ण वही असेल, तर ती नुसती पूजेत ठेवू नये. वाचावी, उतरून घ्यावी, आणि जमेल तर त्यातील एखाद्या गावी जाऊन ताडून पाहावी.