आंबवणाची शुद्धता

आंबवणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शहापूर-मुरबाडकडच्या घरांत रात्री दुधाला विरजण लागते आणि सकाळी दही होते. विरजण चांगले तर दही गोड; भांडे नीट घासलेले नसले की त्याच दह्याला तार सुटते, वास मारतो. एवढे ध्यानात घेतले, म्हणजे आजचा विषय निम्मा समजला.

युरोपात बिअर करणाऱ्यांना हाच प्रश्न पडे. एक पिंप उत्तम उतरते, मग शेजारचे आंबट का व्हावे? लुई पाश्चर यांनी 1876 साली बिअरवर ग्रंथ प्रसिद्ध करून त्याचे उत्तर दिले. चांगले आंबवण करणारे यीस्ट हा एक सूक्ष्म जीव, आणि बिघाड करणारे जंतू निराळे. पुढे 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून त्यापासून शुद्ध विरजण वाढवले. आज पुण्या-मुंबईच्या लहान बिअर-कारखान्यांतले कामही याच पायावर चालते. रस उकळताना जंतू मरतात. खरा धोका तो निवल्यानंतर. म्हणून पुढची प्रत्येक नळी नि टाकी धुऊन जंतुरहित करायची, तपमान आणि आंबटपणा मोजायचा आणि प्रत्येक घाण्याची नोंद वहीत ठेवायची. घाणा बिघडला, तर दोष कुठे शिरला हे वही सांगते.

आता आपल्या रानाकडे या. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. फूल गोड आणि रसाळ, म्हणूनच नाशवंत. ओल्या फुलांचा ढीग घातला की ती आंबू लागतात, मग बुरशी चढते. वेचणी सोपी व्हावी म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवतात. त्याने फुलांना राख लागते आणि वणव्याची भीती ती निराळीच. त्यापेक्षा झाडाखाली जाळी किंवा स्वच्छ जुने लुगडे अंथरा. फुले पातळ पसरून कडक वाळवा, कोरड्या डब्यात भरा. बुरशी आलेली फुले भाजून खपवू नका. बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. 2021 साली शासनाने मोहफुलांवरचे निर्बंध शिथिल केले आहेत. तेव्हा स्वच्छ मालाला चांगला भाव मागता येईल. मात्र विनापरवाना दारू गाळणे हा आजही गुन्हाच आहे.

आणि त्यामागे जिवाचाही प्रश्न आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ते विष मोहाच्या फुलातले नव्हते. ते होते मिथेनॉल, कारखान्यांत वापरायचे द्रावण. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांची नस जाळते. थोड्या घोटांनीही माणूस आंधळा होतो. लोक म्हणतात, दारू पेटवून पाहिली की कळते. तसे नाही. चांगले मद्यार्क जळते, तसे मिथेनॉलही जळते. जिभेलाही फरक कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

लक्षणे पुष्कळदा अर्ध्या दिवसाने, दिवसाने दिसतात. उलट्या, पोटदुखी, धाप, डोळ्यांपुढे धुके. अशा वेळी ‘चढली आहे, उतरेल’ म्हणून माणसाला निजवून ठेवू नका. तडक सरकारी रुग्णालयात न्या आणि काय प्याला ते डॉक्टरांना खरे सांगा. वेळेवर गेल्यास यावर उपाय आहे. लाजेपायी किंवा पोलिसांच्या भीतीने घालवलेली रात्र परत मिळत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एक सोपा प्रयोग करा. उकळून निवलेले दूध दोन वाट्यांत घ्या, एक वाटी उकळत्या पाण्याने धुतलेली, दुसरी तशीच. दोन्हींत सारखे विरजण घाला. दुसऱ्या दिवशी मुलांना नुसते पाहू द्या, वास घेऊ द्या, चाखू मात्र देऊ नका. कोणत्या वाटीत काय झाले ते त्यांनीच वहीत लिहावे. घरी गेल्यावर तीच मुले आईला मडके उकळत्या पाण्याने धुवायला सांगतील, आणि वडिलांनाही दोन शब्द ऐकवतील.